पदराआडची तोंडं

दाताच्या दवाखान्यात मला ठेवून घेतलं, त्याचं एक कारण असं की माझे हात रिकामे होते. दात भरायला डॉक्टर चांदीचा चुरा आणि पारा खलात घोटत. मग तो गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा आणि फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढून टाकायचा. पारा सोन्याला खातो. डॉक्टरीणबाईंची लग्नातली अंगठी त्यापायी पांढरी पडली होती आणि तेव्हापासून त्या या कामाला हात लावत नसत. मी विधवा. ना अंगठी, ना बांगडी. डॉक्टरांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "ये तो बहुत अच्छा है." ते कामापुरतं बोलले होते, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र वाटलं, तो खल उचलावा आणि त्यांच्याच डोक्यात घालावा.

ही गोष्ट गोंदियातली. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि आमचा मुलूख अजून मध्य प्रदेशात मोडत होता. डॉक्टर फाळणीत लाहोरकडून आलेले. बाजारात एका धान्याच्या दुकानावर त्यांनी जागा घेतली होती. समोरच्या खोलीत लोखंडी खुर्ची, दात कोरायचं पायाने चालवायचं यंत्र, हत्यारं उकळायला स्टोव्ह आणि एक पितळी पिकदाणी. मागे त्यांचं बिऱ्हाड. शहरातल्या लोकांशी त्यांचं लवकर जमलं, कारण गोंदिया मुळातच हिंदी बोलणारं. अडलं ते खेड्यातल्या बायकांपाशी. एक तर त्यांना हिंदी येत नव्हती, आणि दुसरं म्हणजे परपुरुषापुढे त्या तोंड उघडत नव्हत्या. दाताच्या डॉक्टरने अशा बाईचं करायचं काय?

आमचं घर त्यातलंच. माझं सासर बिरसीच्या बाजूला. लढाईच्या वेळी गोऱ्यांनी विमानासाठी बांधलेली धावपट्टी आमच्या शेतांपासून दिसे, तिच्यावर तेव्हा गुरं चरत. पूर्वज माळव्यातून आले, याचा घरात भारी तोरा. माळवा कोणी पाहिलेला नव्हता, पण माळव्याची अब्रू आम्ही बायकांनी पदराने झाकून ठेवायची होती. सासरे होते तोवर त्यांच्यापुढे घुंगट, गावातल्या थोरांपुढे घुंगट. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, तर बोलायचंसुद्धा नाही. ते दारात येण्याआधी खाकरत, की मी आत पळायची. काही द्यायचं असलं तर जमिनीवर ठेवत, ते गेल्यावर मी उचलायची. मला काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून सांगत, "म्हनावं, वासराले पानी पाजलं का?" आणि मी ते जाऊबाईंना सांगायची, जाऊबाई त्यांना. वासरू बिचारं मध्ये तहानलेलं. माझे भासरे वाईट नव्हते. ते मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. बोलणार कुठून?

माझा नवरा पायात जुना खिळा जाऊन धनुर्वाताने गेला. दातखीळ बसली होती. जाऊबाईंनी उलथन्याच्या टोकाने त्याचे दात उघडून पाणी घालायचा प्रयत्न केला, तो आवाज मी अजून विसरलेली नाही. मला मूल नव्हतं. अशा बाईचं पुढचं आयुष्य सगळ्यांना ठाऊक असतं. ढेकीवर धान कांडायचं, दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, आणि शुभकार्यात कुठे दिसायचं नाही. मला त्यातून जाऊबाईंनी बाहेर काढलं. दुसऱ्या कोणी नाही.

जाऊबाई अंगाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. सकाळी उठल्यापासून बोटावर गुडाखू असे. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा, आमच्याकडच्या बायका तो दातांना चोळतात. चोळून झालं की उजव्या गालात थोडा धरून ठेवत, आणि तो गाल फुगवूनच सगळ्या घरावर हुकूम सोडत. त्यांची खरी हुशारी निरोप नेण्यात होती. घरातला एकूणएक शब्द भासऱ्यांपर्यंत त्यांच्यातूनच जायचा, आणि तो त्या तांदूळ निवडावेत तसा निवडून नेत. खडा काढून टाकायचा, दाणा पुढे ठेवायचा. भासऱ्यांना वाटे, घर आपण चालवतो.

एकदा त्यांची डावीकडची दाढ फार ठणकली. आधी गावात येणाऱ्या दाताचे किडे काढणारीकडून रिंगणीच्या बियांची धुरी घेतली. तिने वाटीतल्या पाण्यात चार पांढरे किडे काढून दाखवले आणि शेरभर तांदूळ घेऊन गेली. दाढ ठणकतच राहिली. मग बैलांची छोटी रेंगी जुंपून आम्ही दोघी गोंदियाला आलो. लोखंडी खुर्चीत जाऊबाई बसल्या, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. डॉक्टर हात जोडून थकले. शेवटी मीच त्यांच्या हातातला आरसा घेतला, डोकं जाऊबाईंच्या पदरात खुपसलं आणि आतून ओरडून सांगितलं, की डावीकडे, खाली, मागून दुसरी, मधोमध काळा खड्डा, बाहेरची भिंत शाबूत आणि हिरडी निळी. मग पदर डोळ्यांवर बांधून, फक्त ओठ उघडे ठेवून, डॉक्टरांनी ती दाढ काढली. मी डोकं धरलं होतं. खाली उतरताना जाऊबाई रक्ताची गुळणी टाकून म्हणाल्या, "तोंड पाह्यलं त्यानं, चेहरा नाई पाह्यला."

डॉक्टरांनी त्याच दिवशी विचारलं, ही मुलगी कामाला पाठवाल का? भासऱ्यांपर्यंत हा निरोप कसा गेला असेल, मला माहीत नाही. जाऊबाईंनी बहुतेक सांगितलं असावं की डॉक्टरच्या बायकोला सोबतीला घरंदाज बाई हवी आहे. पंधरवड्याच्या आत माझं गाठोडं डॉक्टरीणबाईंच्या मागच्या खोलीत होतं. निघताना जाऊबाई म्हणाल्या, "जा व. इथं राहशीन तं माह्यासारखी भिंतीसंगं बोलशीन." त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं.

शिकणं सोपं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका हमालाच्या जबड्यातून पू काढताना मला चक्कर आली आणि मी पिकदाणीवर पडले. डॉक्टरांनी तोंडावर पाणी मारलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि पुन्हा उभं केलं. पळून जायची सवय पहिल्या दिवशी लागली की जात नाही, असं ते म्हणत. हत्यारं किती उकळायची, कुठलं कुठल्या बोटात द्यायचं, भुलीची सुई भरून झाकून कशी आणायची म्हणजे माणसाला ती दिसू नये, हे मी शिकले. यंत्राचा पाय मारताना लय तुटली तर सुई दातात अडकते आणि माणूस किंचाळतो. लवंगेच्या तेलात पांढरी पूड कालवायला शिकले. मेणाचे ठसे, प्लास्टरचे साचे, तांबड्या रबराच्या कवळ्या घासून गुळगुळीत करणं, सगळं केलं. संध्याकाळी बादलीत राख टाकून रक्ताची फडकी धुवायची. हातांचा वास जेवतानाही जात नसे.

पण खरं शिक्षण बघण्याचं होतं. डॉक्टर म्हणत, पेशंट दात दाखवतो म्हणून आपण दातच बघायचा नाही. आधी ओठ, मग गाल आतून, मग जीभ उचलून तिच्याखाली, मग टाळू, आणि दात सगळ्यांत शेवटी. पदराआड डोकं घालून मी हे सगळं बघायची आणि बाहेर उभ्या डॉक्टरांना मोठ्याने सांगायची. पदराआड फार अंधार असतो, म्हणून कपाळाला बांधायचा छोटा आरसा त्यांनी मला दिला. मी तोंडं पाहिली, चेहरे क्वचितच. विडीच्या कारखान्यातल्या बायकांची तोंडं. दर बाळंतपणाला एक दात गेलेल्या बायकांची तोंडं. समोरचे दोन दात मुळातून तुटलेले असत आणि बाई सांगे, "मोटेवरून पडली." मोट अशी किती उंच असते? एका बाईने पदराच्या आत माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, सगळेच दात काढले तर नवरा मला माहेरी पाठवेल का? मी बाहेर सांगितलं, उजवीकडची दाढ किडली आहे. काय बाहेर सांगायचं आणि काय नाही, तेही मी शिकत होते. बाजारात लोक मला दातवाली म्हणू लागले.

दवाखान्याचा एक नियम होता. वाईट दुखणं असलं तर ते बाईला सांगायचं नाही, तिच्या घरच्या पुरुषाला सांगायचं. तो बाहेरच्या बाकावर बसलेला असे. मी त्याला आत बोलवायची, डॉक्टर त्याला एकीकडे नेऊन समजावत. तेव्हा सगळीकडे अशीच रीत होती आणि मला ती शहाणपणाची वाटायची. तोंडातला असा एक रोग मी डॉक्टरांच्या हाताखाली दोन-तीनदा पाहिला होता. आधी पांढरा चट्टा, मग त्यात न भरणारी जखम, मग तिच्या कडा बोटाला टणक लागतात. बोटाला एकदा ते कळलं की पुन्हा चुकत नाही.

पोळ्याला मी गावी गेले. बैल सजले होते, पोरं तोरणाखाली नाचत होती. जेवताना पाहिलं तर जाऊबाई डावीकडूनच चावत होत्या. ज्या बाजूची दाढ निघाली त्या बाजूने. भात वरणात कुस्करून गिळत होत्या आणि गुडाखू पूर्वीच्या दुप्पट चोळत होत्या, कारण त्याने ठणका बधिर होतो. दुसऱ्या दिवशी परसात उन्हात बसवून मी त्यांच्या गालात आरसा धरला. उजव्या गालात आतून पांढरं पडलं होतं. त्याच्या मधे चिंचोक्याएवढी लाल जखम. मी बोट फिरवलं. कडा टणक होत्या.

"का दिसते व?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दाढ आहे. डॉक्टरले दाखवाले पायजे." खोटं बोलले, कारण तसं शिकवलं होतं.

त्या आल्या, पण भासरे आले नाहीत. रेंगी गड्याने हाकली होती. दातासाठी घरचा कर्ता पुरुष कामं टाकून कशाला येईल? डॉक्टरांनी पदराच्या फटीतून विजेरीने पाहिलं, बोट घालून चाचपलं, आणि हात धुवायला वळले. फार वेळ हात धूत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नागपुर ले जाना पड़ेगा. जल्दी. घर के मर्द को भेजो, मैं बात करूँगा." अजून गळ्यात गाठी नाहीत, आत्ता कापलं तर वाचेल, असंही म्हणाले.

आता मी काय करायचं होतं, ते नीट बघा. बाईला सांगायचं नाही. पुरुषाला सांगायचं. आणि त्या पुरुषाशी मी बोलायचं नाही. माझ्याकडून त्यांच्यापर्यंत जायला एकच वाट होती, आणि ती जिच्या गालात गाठ होती तिच्यातून जात होती.

जिना उतरताना मी जाऊबाईंना म्हटलं, "डॉक्टरनं भासऱ्याइले भेटाले बलावलं आहे. जरूर पाठवा."

त्या थांबल्या. पदर जरा वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सांगतो मी त्याइले."

भासरे आले नाहीत. डॉक्टर रोज सकाळी विचारत, "आए?" मी गावाकडचं जे कोणी बाजारात भेटेल त्याच्या हाती निरोप धाडायची, पण निरोप जाऊबाईंच्याच नावाने. विधवा भावजयीचा निरोप भासऱ्याला जातो, असं गावात ऐकलं असतं तर त्याला किती तिखटमीठ लागलं असतं, ते सांगायला नको. शेवटी मी डॉक्टरांचे पाय धरले, तुम्हीच गावी चला म्हटलं. ते नाही म्हणाले. मागे एका खेड्यात त्यांनी असंच घरी जाऊन एका नवऱ्याला समजावलं होतं, तर लोक म्हणाले होते की या निर्वासिताने आमच्या सुनेला जास्तच निरखून पाहिलं. "मैं बाहर का आदमी हूँ," ते म्हणाले, "एक बार उजड़ चुका हूँ." मला त्यांचा संताप आला. त्यांना दवाखान्याची काळजी होती आणि मला माझ्या माणसाची. आज त्यांची बाजूही कळते, पण संताप काही गेलेला नाही.

दिवाळी झाली. गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरू लागली, धान कापणीला आलं. मी दोन दिवसांची रजा घेऊन गेले. जाऊबाई चुलीपुढे होत्या. कापणीच्या मजुरांसाठी मोठ्या गंजात भात रटरटत होता. चुलीपुढे, घरातल्या घरात, दुसरं कोणी नसताना त्यांनी उजव्या गालावरून पदर घट्ट लपेटला होता. जवळ गेले तर वास आला. हा वास मला ओळखीचा होता.

तेवढ्यात बाहेर भासरे खाकरले. मी दाराआड झाले. ते ओसरीवरून भिंतीला म्हणाले, "म्हनावं, त्या डाक्टरनं दाढ बराबर नाई काढली वाटते. इतके दिवस सूज कायले राहते?"

दाढ! त्यांना दाढेपलीकडे काही माहीतच नव्हतं.

ते गेल्यावर मी जाऊबाईंवर ओरडले. "तुमी काय सांगतलं त्याइले? डॉक्टरनं बलावलं, हे तरी सांगतलं का?"

त्या भात ढवळत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, कारण तोंड आता पुरतं उघडत नव्हतं, "मले मालूम आहे व माह्या तोंडात का आहे थे. पाटलाच्या आत्याले असंच झालतं. तिले नागपूरले नेलं, अर्धा गाल कापून आनला. भोकातून पानी सांडे तिच्या. सून ताट सरकवून देये अन् तोंड फिरवे." गंज उतरवला, पुन्हा म्हणाल्या, "धान घरात येऊ दे. मंग सांगतो."

"तवरक मरसान तुमी!"

"मजुराइले कोन वाढन मंग? तू?" आणि त्या हसल्या. एका बाजूने.

इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्यापुढे नेहमी दाणा ठेवला होता. हा खडाही त्यांनी सवयीने काढून टाकला. माझी त्यांच्यावर काय माया होती, ते या कागदावर कसं लिहू? आणि त्या क्षणी त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हेही तितकंच खरं.

मी तशीच खळ्यावर गेले. भर दुपार होती. आधी पिकलेल्या धानाची मळणी चालली होती. मधल्या मेढीच्या खांबाभोवती बैलांची दावण गोल फिरत होती, मजूर पेंढ्या पसरत होते, आणि भासरे बैलांमागे काठी घेऊन चालत होते. मला येताना पाहून त्यांनी रीतीप्रमाणे पाठ फिरवली. मी थांबले नाही. घुंगट ओढलेला होता, त्याच्या आतूनच म्हटलं, "मोठ्या बाईच्या गालात गाठ आहे. दाढ नाई थे."

ते पुढे चालू लागले. भासऱ्याने ऐकायचं नसतं, म्हणून ते लांब जात होते. मी त्यांच्या मागे गेले. ते बैलांबरोबर मेढीभोवती फिरू लागले, आणि मी धानातून अडखळत त्यांच्या पाठीमागे. "नागपूरले न्या. कापाले लागते. डॉक्टरनं पोळ्याच्या वखतीच सांगतलं होतं. नाई नेलं तं मरतीन त्या." त्यांनी पाऊल उचललं, मीही उचललं. मजुरांचे हात थांबले. एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. भासऱ्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. अब्रूदार माणूस होते, आणि धाकट्या भावाची रांड भरल्या खळ्यात त्यांच्या मागे गोल गोल फिरत होती. शेवटी ते उभे राहिले. माझ्याकडे वळले नाहीत. पुढच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "घरात जा म्हनावं."

त्या संध्याकाळी गावात चर्चा झाली ती माझ्या बोलण्याची. काय बोलले याची नव्हे, कोणाशी बोलले याची. गोंदियाला राहून बाई बिघडली. भासऱ्यांनी घरात जाऊबाईंना विचारलं, ती काय म्हणते? जाऊबाई म्हणाल्या, "तिले का समजते? दात धुते तिथं." त्यांनी बायकोचं ऐकलं. जन्मभर तेच ऐकत आले होते. सकाळी मला रेंगीत बसवून परत पाठवलं आणि बोलावल्याशिवाय येऊ नये, असं भिंतीमार्फत कळवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे नेणार?

धान घरात आलं. संक्रांतीनंतर जाऊबाईंच्या गालातून बाहेर भोक पडलं, तेव्हा भासरे त्यांना नागपूरला घेऊन गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं उरलं नाही. गेले त्याच पॅसेंजरने दोघं परत आले. आणि मग मला बोलावणं आलं, कारण ते तोंड धुवायला दुसरं कोणी धजत नव्हतं. सासरहून आलेल्या पोटच्या पोरी दारातून परत फिरत.

मी गेले. डॉक्टरांनी लाल औषधाची पूड, कापूस आणि वेदनेच्या गोळ्या दिल्या होत्या. जे शिकले होते ते सगळं तिथे कामाला आलं. पाण्याला गुलाबी रंग किती यावा, कापूस चिमट्यात कसा धरावा म्हणजे जखमेला टोचणार नाही, मान किती कलवावी म्हणजे पाणी घशात जाणार नाही. जखम दिवसातून अनेकदा धुवायची. जाऊबाईंना आता बोलता येत नव्हतं. डोळे बोलत, पण ते किती दिवस पुरणार? भासरे ओसरीवर बसून असत. भिंतीला विचारत, "पानी घेतलं का?" मी आतून भिंतीला सांगायची, "दोन चमचे." ते विचारत, "दुखते का खूब?" मी म्हणायची, "नाई." ज्या माणसाशी बोलले म्हणून गावाने मला बिघडलेली ठरवलं, त्याच्याशी मी महिनाभर असं बोलत होते, आणि कोणाला काही वाटत नव्हतं. मध्ये भिंत होती ना.

होळीच्या आधी जाऊबाई गेल्या. शेवटी शेवटी त्यांनी गुडाखूची डबी मागितली, बोटाने खूण करून. मी दिली. आता न देऊन काय मिळणार होतं? त्यांनी नुसती हुंगली आणि हातात धरून ठेवली.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मी गाठोडं बांधत होते. दारात सावली पडली. भासरे होते, आणि ते खाकरले नव्हते. मी घाईने पदर ओढला. ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, पण भिंतीकडे बघत नव्हते. थेट माझ्याकडे बघत होते. माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच.

"तुले पोळ्यालेच मालूम होतं," ते म्हणाले. "मले काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, "सांगतलं. खळ्यावर."

"थे दिवाळीनंतर. पोळ्याले काऊन नाई सांगतलं?"

"तुमच्यासंगं बोलता येत नाई मले."

ते खरोखर गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "बाई मरून राहिली होती अन् तू बोलली नाई," ते म्हणाले, "कोनं अडवलं होतं तुले?"

मला त्यांना सांगायचं होतं, तुम्ही. तुमच्या खाकरण्याने, तुमच्या पाठीने, तुमच्या माळव्याने. पण त्या माणसाने तर मला कधीच काही मनाई केली नव्हती. कोणीच केली नव्हती. एकाही माणसाने तोंड उघडून मला सांगितलं नव्हतं, की बोलू नकोस. पदराआड मी दात आवळून उभी होते.

ते उंबऱ्यावर खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. रडत रडत एकच म्हणत होते, "मी तं नेलं असतं व. पोळ्यालेच नेलं असतं."

आणि ते खरं बोलत होते. त्यांना समजलं असतं तर बैलांच्या शिंगांची बेगड काढायलाही ते थांबले नसते. त्याच दिवशी रेंगी जुंपून त्यांनी तिला नेलं असतं.